दहांतला एक गेला तर

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. आमच्या देहूरोडला छपरांवरचे ॲण्टेना सिंहगडाकडे वळवलेले असत. चित्रात मुंग्या आल्या तरी बातम्या कळत. सिग्नल क्षीण झाला की ॲनालॉग चित्र हळूहळू विरत जाई.

दूरदर्शनने २०१६ साली मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. त्या प्रक्षेपकात एक्सायटर हा भाग सिग्नल तयार करतो. पण त्याची शक्ती अगदी थोडी. ती किलोवॅटपर्यंत नेतात पॉवर ॲम्प्लिफायर मॉड्यूल. कपाटातल्या खणांसारखी ती एकावर एक बसवलेली असतात. प्रत्येकात काही ट्रान्झिस्टर आणि उष्णता वाहून नेणारी धातूची जाड पाटी.

एकच मोठे यंत्र का नको? डिजिटल सिग्नल म्हणजे हजारो उपवाहक लहरींची बेरीज. त्या क्षणभर एकाच तालात आल्या, की शक्तीचे शिखर सरासरीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते. शिखर छाटले गेले तर माहिती बिघडते आणि शेजारच्या वाहिनीतही गोंधळ शिरतो. म्हणून ट्रान्झिस्टर पुऱ्या ताकदीने वापरता येत नाही आणि एकट्याचे काम अनेकांत वाटावे लागते.

मॉड्यूलांचे उत्पादन कंबाइनरमध्ये एकत्र होते. समजा दहा मॉड्यूल आहेत आणि एक बंद पडले. शक्ती ९० टक्के उरेल, असे वाटते. प्रत्यक्षात ॲण्टेनाकडे ८१ टक्केच जाते. कारण कंबाइनरमध्ये बेरीज होते ती व्होल्टेजची आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते : ०.९ गुणिले ०.९. उरलेल्या नऊ जणांच्या श्रमातून मूळ शक्तीचे ९ टक्के कंबाइनरला जोडलेल्या रोधकांत उष्णता होऊन वाया जातात.

तरीही प्रक्षेपण थांबत नाही, हा मोठा फायदा. व्हॉल्व्हच्या काळात शेवटचा मोठा व्हॉल्व्ह गेला की पर्यायी यंत्र सुरू होईपर्यंत पडदा कोरा राही. आता बंद मॉड्यूल चालू प्रक्षेपकातूनच काढून दुसरे बसवता येते.

मात्र याच सोयीत एक धोका दडला आहे. ८१ टक्के म्हणजे सुमारे ०.९ डेसिबलची घट. केंद्राजवळच्या घरात ती जाणवतही नाही. पण प्रक्षेपणाच्या कडेवरच्या घरात डिजिटल चित्राला मुंग्या येत नाहीत. ते आधी गोठते, चौकोनांत फुटते आणि मग नाहीसेच होते. केंद्रातल्या पॅनेलवर ‘प्रक्षेपण सुरू’ असते, त्या घरी मात्र टीव्ही बंद. त्यामुळे बिघडलेले मॉड्यूल किती लवकर बदलायचे, हे जवळच्या स्वच्छ चित्रावरून ठरवू नये. कडेवरच्या शेवटच्या घराचा हिशेब धरला, तर एका मॉड्यूलचीही दुरुस्ती तातडीची ठरते.