रावणाचे वीस हात आणि एसईचे दोन पेपर

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. 1150) एक गणित आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, त्रिशूळ, धनुष्य अशी दहा आयुधं आलटूनपालटून दिली, तर मूर्तीचे किती प्रकार होतील? उत्तर 36,28,800. विष्णूच्या चार हातांचं उत्तर मात्र अवघं 24. सेकंदाला एक मूर्ती घडवली तर शंकराचं काम बरोबर 42 दिवसांत उरकतं. रावणाचे वीस हात घेतले, तर सेकंदाला शंभर कोटी मूर्ती घडवणाऱ्या यंत्रालाही 77 वर्षं लागतील. हात दुप्पट झाले आणि काम आवाक्याबाहेर गेलं.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘एसई’त, हे गणित ‘डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स’च्या पेपरात येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात हा विषय आणि ‘डेटा स्ट्रक्चर्स’ एकाच सत्रात शेजारी बसवलेले होते. शेजार कागदावरचाच. बहुतेक मुलांच्या लेखी एक विषय कोडिंगचा, नोकरीच्या मुलाखतीत विचारला जाणारा. दुसरा बॅक लागू नये म्हणून करायचा. ही वाटणी मला साफ चुकीची वाटते. माहिती कशी रचून ठेवायची हे पहिला शिकवतो, आणि ती रचना खरंच काम करते का, किती वेळात करते, हे सिद्ध करायची साधनं दुसऱ्यात असतात.

बायनरी सर्चचंच घ्या. अकारविल्हे लावलेल्या दहा लाख नावांतून एक शोधायचं तर मधलं नाव पाहायचं, नको असलेली अर्धी यादी सोडून द्यायची, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. वीस वेळा पाहिलं की संपलं, कारण दोनाचा विसावा घात दहा लाखांच्या थोडा वरच भरतो. पहिल्याच महिन्यात शिकवायचा हा भाग. पण संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या नोंदीनुसार, ही पद्धत 1946 मध्ये प्रसिद्ध झाली तरी ती बिनचूक छापली जायला 1962 उजाडलं. चूक बहुधा कडेला होते: यादीत एकच नाव उरलं तर? हवं ते नाव यादीत नसेलच तर? ‘नाव असेलच तर ते या दोन खुणांच्या मध्येच आहे’ हे विधान प्रत्येक फेरीनंतर खरं राहतं, हे दाखवावं लागतं. डिस्क्रीटच्या वहीतलं गणिती विगमन, म्हणजे मॅथेमॅटिकल इंडक्शन, ते हेच. तिथे मुलं त्यावर 1 ते n ची बेरीज सोडवतात आणि पान उलटतात.

गोष्ट इथेच संपत नाही. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मध्ये बायनरी सर्चची रीतसर सिद्धता दिली. जोशुआ ब्लॉक कार्नेगी मेलन विद्यापीठात त्यांच्या वर्गात बसलेले; पुढे जावा भाषेतला बायनरी सर्च त्यांनीच लिहिला. 2006 मध्ये ब्लॉक यांनीच जाहीर केलं, की दोन्हींत एकच चूक आहे. मधली जागा काढायला दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून दोनाने भागलं होतं. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज 2,14,74,83,647 ओलांडते. बत्तीस बिटांत त्याहून मोठा पूर्णांक मावत नाही आणि बेरीज ऋण होते. सिद्धतेतले पूर्णांक अमर्याद होते, यंत्रातले घड्याळाच्या काट्यासारखे फिरून मागे येतात. इलाज एका ओळीचा: टोकांमधलं अंतर निम्मं करून ते खालच्या टोकात मिळवायचं. काहीजण यावरून सिद्धतेला नावं ठेवतात. मला उलट वाटतं. फिरून मागे येणाऱ्या पूर्णांकांचं अंकगणितही त्याच डिस्क्रीटच्या अभ्यासक्रमात असतं.

झाडांचंही तसंच. बायनरी सर्च ट्रीमध्ये, म्हणजे लहान संख्या डावीकडे आणि मोठी उजवीकडे जाते अशा झाडात, रोल नंबर चढत्या क्रमाने घालत गेलात, तर फांद्या फुटतच नाहीत. एक लांबलचक साखळी होते आणि शोध पुन्हा एकेक पाहत करावा लागतो. 1962 मध्ये अॅडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी नियम घातला: कुठल्याही गाठीच्या, म्हणजे नोडच्या, डाव्या-उजव्या बाजूंच्या उंचीत एकाहून जास्त फरक नको. पण एवढ्याने झाड बुटकं राहीलच कशावरून? म्हणून उलटं विचारायचं: अमुक उंचीच्या झाडात कमीत कमी किती गाठी लागतील? एका पातळीने कमी उंचीचं सर्वांत लहान झाड, दोन पातळ्यांनी कमी उंचीचं सर्वांत लहान झाड आणि वरची एक गाठ. मागच्या दोन संख्यांची बेरीज करत जाण्याची ही रीत बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी वृत्तांतल्या मात्रा मोजताना मांडली होती. आज ती फिबोनाचीच्या नावावर आहे. हिशेब केला की कळतं, दहा लाख गाठींचं असं झाड 28 पातळ्यांपेक्षा उंच होऊच शकत नाही.

प्रॅक्टिकलला मुलं, हा नियम मोडला की झाड फिरवून पुन्हा तोलण्याचा कोड पाठ करून येतात, प्रिंटआउट फाइलला लावतात आणि सबमिशन होतं. व्हायवाला परीक्षकांनी कोडची ओळ विचारण्याऐवजी ‘29 वी पातळी का येत नाही?’ एवढंच विचारावं, आणि त्याचे गुण दोन्ही विषयांत धरावेत.