तंबूतले पाणी येते कुठून?

दिवाळी सरली की पवना, मुळशी, भंडारदरा अशा धरणांच्या काठावर रंगीबेरंगी तंबू उभे राहू लागतात आणि उन्हाचा चटका जाणवू लागेपर्यंत हा हंगाम चालतो. भाड्याच्या तंबूत एखादी रात्र काढून झाली की पुष्कळ कुटुंबांना स्वतःचा तंबू असावा असे वाटू लागते. ते रास्तही आहे. नवरा-बायको आणि दोन मुले मावतील एवढा तंबू गाडीच्या डिकीत कोपऱ्यात बसतो, जरा काळजी घेतली तर आठ-दहा वर्षे टिकतो आणि त्यात आपल्याआधी कोण झोपून गेले हा विचार करावा लागत नाही. असा तंबू घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न हवा की, यात हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते? कारण आपल्याकडे ज्या महिन्यांत कुटुंबे तंबूत झोपतात, त्या महिन्यांत सकाळी आत सापडणारे बहुतेक पाणी आभाळातून पडलेले नसते. ते आत झोपलेल्यांनीच रात्रभर सोडलेले असते.

साधा हिशेब मांडून पाहू. झोपलेला प्रौढ माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतो. दोन मोठी आणि दोन लहान माणसे धरली तर हा आकडा तासाला १०० ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे रात्रभरात पाऊण लिटर. आता तंबू पाहा. तळ २.१ मीटर बाय २.४ मीटर आणि मधली उंची १.३ मीटर असलेल्या घुमटाकार तंबूत फार तर साडेतीन घनमीटर हवा मावते. १५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जेमतेम १३ ग्रॅम वाफ राहू शकते. म्हणजे सगळ्या तंबूत मिळून ४५ ग्रॅम. त्यातली अर्धी जागा बाहेरच्या हवेतल्या दमटपणाने आधीच अडवलेली. सगळ्या चेन ओढून घेतल्या तर अर्धा तासही लागत नाही, आतली हवा वाफेने पुरती भरते. पुढचे सात-साडेसात तास सुटणाऱ्या वाफेने जायचे कुठे? निरभ्र रात्री तंबूचे कापड आभाळाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तसे या कापडाला आतून सुटते. पहाटे चारच्या सुमाराला मुलाने कूस बदलली, पाय कापडाला लागला की पांघरूण ओले. मग ‘तंबू गळतो’ असा निकाल लागतो आणि पाऊस नसताना गळाला कसा, हे कोणी विचारत नाही.

गळती आणि दव यांतला फरक ओळखणे अवघड नाही. छताच्या आतल्या बाजूला बोट फिरवून पाहावे. सगळीकडे सारखा, बारीक थेंबांचा थर असेल तर ते श्वासाचे पाणी. एखाद्या शिवणीच्या रेषेने, दांडीच्या बाह्या जिथे शिवलेल्या आहेत त्या कोपऱ्यात, ठिपक्याठिपक्याने पाणी उतरत असेल तर ती गळती. शिवणीवरची पट्टी उकलली आहे असे समजावे. आणि फक्त गादीच्या खाली, जमिनीला टेकलेल्या भागातच ओल असेल तर तिची दोन कारणे असू शकतात. एक तर तेही आतलेच दव असते. नाहीतर तंबूखाली अंथरलेले प्लास्टिक तळापेक्षा मोठे झाले आणि बाहेर डोकावणाऱ्या कडेवर जमलेले पाणी आत ओढले गेले. खालचा कागद चारी बाजूंनी वीतभर आत दुमडायचा, एवढाच त्यावर उपाय.

दुकानातल्या चिठ्ठीवर १५००, २०००, ३००० मिलीमीटर असे जे आकडे असतात, त्यांचा पावसाच्या मिलीमीटरशी काही संबंध नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो म्हणून तिथे ३००० चा तंबू अपुरा, असे काही नसते. ताणून धरलेल्या कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला म्हणजे थेंब पलीकडे झिरपू लागतात, याचे ते माप आहे. छताला १५०० ते २००० पुष्कळ झाले. तळाला मात्र ३००० किंवा त्याहून जास्त हवे, कारण ओल्या जमिनीवर माणूस गुडघा टेकतो तेव्हा त्या एवढ्याशा जागेवर पडणारा दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी मोठा असतो. हा आकडा वाढवण्यासाठी कापडावरचा लेप जाड करावा लागतो आणि जे कापड बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. एकाच थराच्या स्वस्त तंबूची खरी अडचण हीच आहे.

यावरचा तोडगा जुना आहे. ब्रिटिश अमदानीत जिल्ह्याचे साहेब हिवाळ्यात महिनोन्महिने दौऱ्यावर असत. त्यांच्या स्विस कॉटेज तंबूंना छताचे दोन पदर असत आणि दोहोंमध्ये हवेची पोकळी. उन्हाने वरचा पदर तापला तरी खालचा तुलनेने गार राही. आजच्या दुहेरी तंबूत हीच युक्ती वाफेसाठी वापरली जाते. आतला तंबू जाळीचा किंवा वाफ जाऊ देणाऱ्या कापडाचा, त्यावर लेप दिलेले वेगळे आवरण आणि मध्ये चार बोटांची फट. वाफ जाळीतून बाहेर पडते, वरच्या आवरणाला लागून तिचे पाणी होते आणि ते कडेने ओघळून जमिनीवर जाते. आवरणाची खालची कड जमिनीपासून थोडी वर आणि माथ्याशी उघडी झडप असेल तर खालून गार हवा शिरते, वरून उबदार दमट हवा निघून जाते. पण दोन्ही पदर एकमेकांना चिकटले की सगळे मुसळ केरात. म्हणून बाजूचे दोर ताणून मेखांना बांधणे हे वारा नसतानाही करायचे काम आहे, आणि पिशवीतून बाहेरही न काढल्या जाणाऱ्या वस्तूंत नेमके हे दोरच पहिले असतात.

यावर पहिला आक्षेप थंडीचा. झडपा उघड्या ठेवल्या तर मुले गारठतील. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपासच पारा १०-१२ अंशांवर येतो, घाटमाथ्यावर आणखी खाली. तेव्हा ही शंका वावगी नाही. पण तंबूचे पातळ कापड ऊब धरून ठेवत नाही. ते वारा अडवते, एवढेच. थंडी मुख्यतः खालून, जमिनीतून लागते. तिच्यावर इलाज फोमची जाड चटई आणि तिच्यावर सतरंजी. शिवाय ओली गोधडी कोरड्या गोधडीच्या निम्मीही ऊब देत नाही, म्हणजे थंडीच्या भीतीने चेन लावून घेणारा माणूस पहाटेच्या थंडीची सोय स्वतःच करतो. याच भीतीपोटी कोणी आत शेगडी किंवा कोळशाची घमेली आणत असेल तर तिथे मात्र वाद घालू नये, सरळ अडवावे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामण इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपले आणि उठलेच नाहीत. ती तर खोली होती.

दुसरा आक्षेप विंचू-किरड्यांचा. तो चेनने सुटतो, पण आतल्या जाळीच्या चेनने. ती रात्रभर बंदच हवी, चपला-बुटांसकट सगळे सामान तिच्या आत. उघडे ठेवायचे ते बाहेरचे आवरण. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार : सह्याद्रीत पाऊस आडवा येतो, झडपांतून तो आत येणारच. खरे आहे. म्हणूनच जून ते सप्टेंबरात घाटमाथ्यावर कुटुंबाच्या घुमटाकार तंबूने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वाऱ्यापुढे फायबर ग्लासच्या दांड्या टिकत नाहीत आणि त्या पावसात हवेशीर तंबूही गळतो, बंद तंबूही ओलावतो. जो तंबू वर्षातले आठ महिने वापरायचा, तो उरलेल्या चार महिन्यांच्या हिशेबाने का निवडावा?

निम्मे काम जागा करते. रात्री गार हवा जड होऊन खोलगटात आणि पाण्याच्या काठाशी साचते. फोटोला सुंदर दिसणारी धरणाची अगदी कडेची जागा म्हणूनच सगळ्यांत दवाळ असते. त्यात पाण्याची पातळी रात्रीतून वाढण्याचा धोका वेगळा. पंधरा-वीस फूट उंचावरची, वाऱ्याची झुळूक लागणारी सपाटी बरी. कोकणच्या किनाऱ्यावर हिशेब जरा बदलतो. तिथे थंडी नसते, दमटपणा असतो, त्यामुळे चारही बाजूंना जाळी असलेला तंबू लागतो. आणि वाळूत साध्या मेखा उपटून येतात म्हणून वाळूने भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोर बांधावे लागतात.

‘चार जणांचा’ या शब्दावरही विसंबू नये. माणशी ५५-६० सेंटीमीटर रुंदीची चटई, असा तो हिशेब असतो. सामान त्यात धरलेलेच नसते. चौघे त्यात झोपतात, पण कडेचे दोघे रात्रभर कापडाला चिकटून. चौघांच्या कुटुंबाने पाच-सहा जणांचा तंबू घ्यावा.

ओल घरी आल्यावरही पाठ सोडत नाही. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू सुटत जातो. कोरडा न करता घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकलेला तंबू दोन पावसाळ्यांनंतर उघडला की कापड हाताला चिकटते, आंबूस वास येतो आणि लेपाचे पापुद्रे निघतात. असा तंबू पुन्हा नीट होत नाही. सहलीहून आल्यावर गच्चीत किंवा गॅलरीत सावलीला दिवसभर वाळवावा. कडक उन्हात नको, उन्हाने धागा कमजोर होतो. नंतर जुन्या अभ्र्यात सैल कोंबून कपाटात ठेवावा.

तेव्हा खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला तंबू उभा करून दाखवायला सांगा. आत चौघे आडवे व्हा, बाहेरचे आवरण बंद करा आणि माथ्याची झडप व खालची फट दोन्ही उघडी राहतात का ते पाहा. राहत नसतील तर चिठ्ठीवर ५००० चा आकडा असला तरी तो तंबू घेऊ नका.