वाफ, लाकूड आणि दोष कोणाचा?

होडीच्या काठावर बसवलेली वळणदार लाकडी पट्टी आपण पाहिली असेल. रुंद फळीतून ते वळण कापून काढले, तर लाकडाचे तंतू मध्येच तुटतात आणि नेमकी तिथेच पट्टी चिरते. म्हणून चांगला सुतार ती कापत नाही, वाकवतो.

लाकडातील सेल्युलोजच्या लांब तंतूंना लिग्निन नावाचे द्रव्य एकत्र धरून ठेवते. ओलावा आणि सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की ते मऊ पडते. यासाठी पट्टी लांब पेटीत ठेवून वाफ सोडतात. इंचभर जाडीस एक तास, हा ढोबळ हिशेब. पेटी मात्र घट्ट बंद करायची नाही. वाफेला वाट हवी, नाहीतर दाब साठून अपघात होईल.

वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. वाफवलेले लाकूड दाब पुष्कळ सोसते. ताण मात्र शेकडा एक-दोनच. म्हणून बाहेरून पोलादी पट्टा लावून लाकडाची दोन्ही टोके अडवतात. ताण पट्टा घेतो, लाकूड आत दबते. मिखाएल थोनेट याच्या १८५९ सालच्या प्रसिद्ध बीचच्या खुर्चीमागे हीच युक्ती होती.

पेटीबाहेर काढलेली पट्टी मिनिटभरात ताठरू लागते. तेवढ्यात दोघातिघांनी मिळून ती साच्यावर आवळायची. सोडल्यावर ती थोडी उलगडते, म्हणून साचाच जरा अधिक वळवलेला असतो.

मुंबईच्या बंदराकाठी एका कारखान्यात अशा पट्ट्या लागोपाठ मोडल्या आणि नुकसान सुतारांच्या पगारातून कापले गेले. मी शाळा सातवीत सोडलेला माणूस. पण वाचनालयात बसून एवढे शिकलो होतो. मी मोडके तुकडे मागवले. तंतू पट्टीच्या लांबीने न जाता तिरपे कडेबाहेर गेले होते. शिवाय लाकूड भट्टीत कडक सुकवलेले. वाकवायला हवेत सुकवलेले, ओल राखलेले लाकूड लागते. ही खरेदी कचेरीची होती, सुतारांची नव्हे. ते तुकडे टेबलावर मांडले, तेव्हा कापलेला पगार परत मिळाला.

काम बिघडले की कामगाराकडे बोट दाखवणे सोपे असते. आधी मोडलेला तुकडा हातात घेऊन पाहावा, एवढेच माझे सांगणे आहे.