अश्वशाळेसाठी जमिनीची निवड

अश्वशाळेसाठी जमिनीची निवड : घोडे पाळणे, त्यांची पैदास करणे किंवा रपेट शिकविणे या हेतूंनी जमीन विकत घेण्यापूर्वी तिची नैसर्गिक व कायदेशीर अशी दुहेरी तपासणी करावी लागते. जमीन नापसंत ठरल्यास घोडा आजारी पडतो. हक्क सदोष निघाल्यास मालकाचे भांडवल बुडते.

ठाणे जिल्ह्यातील भाईंदर (पूर्व) हा भाग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वसईच्या खाडीच्या दक्षिणेस मिठागरे, खाजण व खारफुटी यांनी वेढलेल्या या परिसरालगत घोडबंदर आहे. या नावाची उपपत्ती पोर्तुगीज काळात अरबांशी चाललेल्या घोड्यांच्या व्यापाराशी जोडली जाते. मराठ्यांनी १७३७ मध्ये तेथील किल्ला घेतला. तथापि घोडे उतरविण्यास सोयीची जागा त्यांना पाळण्यासही सोयीची असतेच असे नाही. राज्यातील अनेक पैदास केंद्रे पुण्याच्या परिसरात, तुलनेने कोरड्या हवामानात आढळतात.

निचरा व पाणी : खाडीकाठची चिकण, क्षारयुक्त माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. सतत ओलीत उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर कुजतात. म्हणून जमीन भर पावसाळ्यात पाहावी. उधाणाच्या भरतीचे पाणी कोठवर येते, हे जुन्या रहिवाशांकडून समजून घ्यावे. भराव घातलेला असल्यास तो कशाचा आहे व त्यास परवानगी होती काय, हेही तपासावे. घोड्यास दररोज सु. २५ ते ५० लि. गोडे पाणी लागते. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ असण्याचा संभव असल्याने त्याची चाचणी करून घ्यावी.

आरोग्य व मांडणी : साचलेल्या पाण्यामुळे व दलदलीमुळे चावऱ्या माश्या आणि डास वाढतात. घोडमाश्यांमुळे सरा हा प्राणघातक रोग पसरतो. कुरणात कण्हेर व घाणेरी या विषारी वनस्पती नसाव्यात. एका घोड्याच्या कप्प्यास सु. ३·६ × ३·६ मी. जागा, उंच जोते व आरपार वारा आवश्यक असतो. रोज साठणाऱ्या सु. १५ ते २५ किग्रॅ. लिदीची विल्हेवाट कोठे लावता येईल, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

हक्क व निर्बंध : सात-बारा उतारा व फेरफार नोंदी पाहून भोगवट्याचा वर्ग, कुळांचे हक्क व बोजा तपासावेत. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरास सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. मिठागरांच्या बाबतीत मालकी शासनाची की खाजगी, याची स्वतंत्र खातरजमा हवी. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना (१९९१, २०११, २०१९) येथे महत्त्वाच्या ठरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार खारफुटीभोवतीच्या ५० मी. पट्ट्यात बांधकामास मनाई आहे. विकास योजनेतील वापर विभाग मिरा-भाईंदर महानगरपालिकेकडून (स्थापना २००२) लेखी घ्यावा. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन किंवा शेजारी उभा असलेला तबेला हा परवानगीचा पुरावा नव्हे.

थोडक्यात, पावसाळ्यातील पाहणी, पाण्याची चाचणी, पशुवैद्याचा सल्ला व अभिलेखांचा शोध ही चारही कामे पूर्ण झाल्यावरच विसार द्यावा.