हाऊसबोटीतली बुखारी : ऊब घ्या, पण आग विझवून झोपा

हिवाळ्याच्या सुटीत बर्फ पाहायला काश्मीरला जाणाऱ्यांत आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे असतात. अम्मी-अब्बांना घेऊन, लहान मुलांना स्वेटर-टोप्या चढवून लोक श्रीनगरला उतरतात आणि एक-दोन रात्री डल किंवा नगीन तलावातल्या हाऊसबोटीत राहतात. तिथला पाहुणचार, नक्षीदार लाकडी छत, समोवारातला कहवा यांविषयी सगळेच सांगतात. त्या बोटीत रात्री ऊब कशी मिळते आणि ती घेताना काय सांभाळायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून 'चिल्ला-ए-कलां' सुरू होतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. या चाळीस दिवसांत श्रीनगरचे रात्रीचे तापमान शून्याखाली जाते, नळाचे पाणी गोठते आणि कधी कधी डलच्या काठालगत बर्फाचा पापुद्रा धरतो. हाऊसबोट असते देवदाराच्या लाकडाची. पुढे सज्जा, मग दिवाणखाना, जेवणाची खोली, आणि अरुंद बोळातून मागे गेले की शयनगृहे. खाली गार पाणी आणि चारही बाजूंनी फळ्या. अशा खोलीत ऊब आणण्याचे जुने साधन म्हणजे बुखारी.

बुखारी चालते कशी?

फारसीत बुखारी म्हणजे खोली गरम करणारी शेगडी. पत्र्याचा किंवा ओतीव लोखंडाचा उभा पिंप, त्याला सरपण घालायचे दार, खाली हवा आत घेणारी फट आणि वरून निघून छतापार जाणारा धुराचा पाइप, एवढाच तिचा संसार. आत लाकूड जळते, पिंप तापतो आणि त्याची धग खोलीत पसरते. धूर हलका होऊन पाइपातून वर जातो आणि त्याची जागा घ्यायला खोलीतली हवा खालच्या फटीतून आत ओढली जाते. हे चक्र नीट चालले तर धूर खोलीत येत नाही.

म्हणजे बुखारीला दोन गोष्टी लागतात : धुराला बाहेर जायला मोकळा पाइप आणि आगीला खोलीतून मिळणारी ताजी हवा. थंडीच्या भीतीने आपण दारे-खिडक्या गच्च लावतो, फटीत कापड कोंबतो आणि दुसरी गोष्ट स्वतःच बंद करतो. पहिली ओल्या सरपणाने बंद होते. ओले लाकूड धुमसते, त्याच्या धुराचा डांबरासारखा चिकट थर पाइपात आतून बसतो. थर वाढला की पाइप चोंदतो, आणि कधी तो थरच पेट घेतो. पाइप छतातून जिथे बाहेर पडतो तिथे लाकूड आणि तापलेला पत्रा शेजारी असतात. म्हणून तिथे मध्ये पत्र्याची चकती आणि पुरेशी मोकळी जागा ठेवावी लागते.

इंग्लंडच्या कालव्यांवर लांबट, अरुंद बोटींनाच घर करून राहणारी हजारो माणसे आहेत. त्यांच्याही बोटीत लाकूड-कोळशाची लोखंडी चूल असते. ती फरशीच्या किंवा विटांच्या ओट्यावर बसवलेली असते आणि मागच्या भिंतीलाही न जळणारे आवरण असते. एवढे करूनही एप्रिल 2019 पासून तेथील राहण्याजोग्या बोटींच्या सुरक्षा तपासणीत विषारी वायूची सूचना देणारा गजर सक्तीचा झाला.

दोन धोके : एक दिसणारा, एक न दिसणारा

दिसणारा धोका आगीचा. हाऊसबोटी घाटाला एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात. एकीला लागलेली आग वाऱ्याबरोबर दुसरीवर जाते. एप्रिल 2022 मध्ये नगीन तलावात सात हाऊसबोटी जळाल्या. 11 नोव्हेंबर 2023 च्या पहाटे डलमध्ये पाच हाऊसबोटी खाक झाल्या आणि बांगलादेशातून आलेले तीन पर्यटक प्राणास मुकले. लाकडी बोटीत आग भडकायला किती थोडा वेळ लागतो आणि झोपलेल्या माणसाच्या हाती किती कमी वेळ उरतो, हे यावरून ध्यानात यावे.

न दिसणारा धोका कार्बन मोनॉक्साईडचा. जळण्याला हवा कमी पडली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपेतला माणूस जागाही होत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा एकाच खोलीत असा अंत झाला. त्यांत चार मुले होती. खोलीत गॅसचा हीटर चालू होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. थंडी फार होती आणि मुलांना ऊब मिळावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे लोक समजतात. खरे तर लालबुंद निखारे धूर करत नाहीत, पण हा वायू भरपूर सोडतात. म्हणून कोळशाची उघडी शेगडी शयनगृहात ठेवणे बुखारीपेक्षाही वाईट, कारण तिला पाइपच नसतो. खिडकी थोडी उघडी ठेवली तरी शेगडीचा भरवसा धरू नये.

कांगडीचेही तसेच. वेताच्या टोपलीतले मातीचे भांडे, त्यात चिनारच्या पानांचा नाहीतर काटक्यांचा कोळसा, आणि वरून फेरन. काश्मिरी माणूस ती लहानपणापासून हाताळतो. पाहुण्याने बसल्या बसल्या हात शेकावेत, पण ती घेऊन अंथरुणात शिरू नये. अंगाला सतत कांगडी लावल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्मस्ली यांनी 1866 मध्येच केली होती.

हदीसमधला घरगुती धडा

हदीसचे थोर संकलक इमाम बुखारी (रह.) बुखारा शहराचे, म्हणून ते बुखारी. या शेगडीचे नाव तेच असावे हा योगायोग, पण आगीविषयीची शिकवण त्यांच्याच संग्रहात आहे. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळली तेव्हा त्यांनी आग ही तुमची शत्रू असल्याचे सांगितले आणि झोपण्यापूर्वी ती विझवण्याची ताकीद दिली. दुसऱ्या हदीसमध्ये रात्री दिवा विझवण्याचे कारणही आले आहे : उंदीर वात ओढून नेईल आणि घरच्यांवर आग ओढवेल.

पाहा, किती साधी, घरातली गोष्ट आहे ही. दुआ करून झोपावे आणि दिवाही विझवावा. अल्लाहवर तवक्कुल करणाऱ्याने उंट बांधायचाच असतो. आमच्या मते हाऊसबोटीत झोपण्यापूर्वी बुखारी विझवणे हा याच सुन्नतीचा भाग आहे.

उतरल्यावर काय करावे?

बोट ठरवतानाच विचारा : बुखारी कुठे आहे, पाइप या हंगामात साफ केला का, शयनगृहात विजेचे ब्लँकेट मिळते का. बहुतेक ठिकाणी मिळते. त्यानेही आधी अंथरूण तापवावे आणि झोपताना ते बंद करावे. जाड रजई आणि गरम पाण्याची रबरी पिशवी यांत रात्र छान निघते.

बुखारी पेटलेली असताना खिडकी दोन बोटे उघडी ठेवा. ओढण्या, जानमाज, मुलांचे ओले मोजे तिच्यापासून किमान तीन फूट लांब ठेवा. मुलांना तिच्याजवळ एकटे सोडू नका. खोलीत धूर परतू लागला, डोळे चुरचुरू लागले, तर लगेच मालकांना बोलवा.

झोपण्याच्या दीड-दोन तास आधी नवे सरपण घालणे थांबवा. आत निखारे धगधगत असताना पाइपाची झडप लावू नका, नाहीतर वायू खोलीतच कोंडेल. तापलेल्या बुखारीवर पाणीही ओतू नका. निखारे आणि राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढून किनाऱ्यावर न्यायला सांगा, कारण राखेतला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. संकोच न करता म्हणा, 'भाईजान, रात को बुखारी बुझा दीजिए.' यात पाहुणचाराचा अपमान नाही. जाणत्या यजमानाला उलट बरेच वाटेल. रात्री शिकारा कुठे बांधलेला असतो आणि कोण जागे असते, हेही विचारून ठेवा.

विषारी वायूचा बॅटरीवर चालणारा गजर तळहाताएवढा असतो. प्रवासाच्या बॅगेत तो सहज मावतो.

लक्षणे ओळखा

डोके जड होणे, चक्कर, मळमळ, हातपाय गळून जाणे, ही सुरुवात. ताप नसताना एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम असे वाटले तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि हृदयरोगी यांना धोका जास्त. सर्वांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा, मग 112 ला फोन करा. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो. इस्पितळात शुद्ध प्राणवायू देणे हाच उपचार.

राहिली पहाटेची चिंता. फजरसाठी गरम पाणी हवे असेल तर रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवा. वजू करून चामडी मोजे घातले असतील तर प्रवाशाला तीन दिवस-रात्र त्यांवर मसह करण्याची सवलत शरीअतने दिली आहे. काठावरच्या मशिदीत जाता आले तर तिथे बहुधा हमाम असतो. दगडी फरशीखाली बाहेरून लाकूड जाळतात, धूर बाहेरच जातो आणि नमाजी उबदार फरशीवर बसतात. आग माणसांपासून दूर आणि ऊब माणसांपाशी, हे काश्मिरी कारागिरांचे शहाणपण पाहण्यासारखे आहे.

काश्मीरला जरूर जा, त्या कष्टाळू नावाड्यांचा पाहुणचार घ्या, त्यांच्या रोजीत बरकत येवो अशी दुआ करा. दिवे मालवण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने एकदा उठून बुखारी पाहून यावी. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो. आमीन.