लैलाची शाळा का सुटली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लैला-मजनू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं. फाटक्या कपड्यांतला मजनू, उंट, वाळूची वादळं. सिनेमांनी आणि कव्वाल्यांनी हे चित्र इतकं पक्कं करून टाकलंय की गोष्टीची सुरुवात कुठे होते हे आपण विसरूनच गेलो. ती होते शाळेत. निजामी गंजवी या फारसी कवीनं ११८८ च्या सुमारास हे कथाकाव्य लिहिलं. त्यात कैस आणि लैला ही दोन वेगवेगळ्या टोळ्यांची मुलं एकाच मकतबात, म्हणजे आपल्या भाषेत एकाच वर्गात, शिकायला बसतात. बाकीची मुलं धड्यात डोकं घालतात, हे दोघं एकमेकांकडे पाहतात. वर्गात कुजबुज होते, ती घरी पोचते आणि लैलाला शाळेतून काढून घरी बसवलं जातं. वाळवंट येतं ते त्यानंतर.

तरुणपणी मी ही गोष्ट वाचली तेव्हा कैसच्या वेडानं भारावून गेलो होतो. आता पन्नाशी उलटल्यावर त्यातली एकच गोष्ट टोचत राहते. लैलाची शाळा सुटली. त्याबद्दल आम्ही कवी मंडळी फारसं बोलत नाही.

आज बोलायचं आहे ते अशाच प्रेमाबद्दल. शाळेतली दोन मुलं, आणि दोघांचे गट एकमेकांच्या विरोधात उभे. हा विषय निघाला की मोठी माणसं दोनच गोष्टी करतात. पडद्यावर पाहिलं तर डोळे पुसतात आणि घरात घडलं तर हात उगारतात. या दोन्हींच्या मधे समजून घेण्याची थोडी जागा आहे.

१९८५ साली मी नववीत होतो. आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी असा जुना वाद. वरच्या आळीत वाडे, पेढ्या, दुकानं. खालच्या आळीत आम्ही बागवान, पिंजारी, कोष्टी, कुंभार. हायस्कूल एकच, पण बाकांच्या रांगा दोन आणि कबड्डीचे संघही दोन. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला आम्ही. का, ते कुणालाच धड सांगता आलं नसतं.

माझा जिवलग मित्र खालच्या आळीचा आणि त्याला आवडणारी मुलगी वरच्या आळीची. तिलाही तो आवडत होता. प्रयोगवही मागण्याच्या निमित्तानं दोघं दोन शब्द बोलत, तेवढंच. मी यमकं जुळवायचो, म्हणून चिठ्ठी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. चार ओळींची कविता मी लिहून दिली आणि ती तिच्या भूगोलाच्या वहीत घरच्यांना सापडली. मित्राला त्याच्या वडिलांनी पट्ट्यानं मारलं. गुरुजींनी अक्षर ओळखलं आणि मला छडीचे चार रट्टे दिले. आठवड्याभरात आम्ही दोघं पुन्हा वर्गात होतो. ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तेव्हा ती सोळाचीही नव्हती. मुलीच्या लग्नाचं वय अठरा, हे १९७८ पासूनच कायद्यात होतं. पण कायदा आमच्या गावात पोचायचा होता.

छापून न येता चारचौघांत पोचलेली माझी पहिली कविता ती. वाद दोन आळ्यांचा, त्यात सापडलो आम्ही तिघं, आणि किंमत मोजली तिनं एकटीनं.

पुष्कळ वर्षांनी मी मुजफ्फर शरीफ या मूळच्या तुर्कस्तानातल्या मानसशास्त्रज्ञाच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि आमची पाण्याची टाकी आठवली. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या वनात त्यांनी मुलांचं एक शिबिर भरवलं. साधारण अकरा-बारा वर्षांची २२ मुलं. एकाच वर्णाची, एकाच पंथाची, सारख्याच आर्थिक परिस्थितीतली. त्यांचे दोन गट करून वेगवेगळे ठेवले. एका गटानं स्वतःला 'रॅटलर्स' म्हणवून घेतलं, दुसऱ्यानं 'ईगल्स'. मग दोघांना समोरासमोर आणून बक्षिसांसाठी स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. आपल्याकडच्या भिंतीला जात, धर्म, पैसा यांचा पाया तरी असतो. तिथं तोही नव्हता. गट, नाव आणि स्पर्धा एवढ्यावर भिंत उभी राहिली.

या प्रयोगावर पुढे टीकाही झाली. भांडण पेटावं म्हणून मोठ्यांनीच मुलांना डिवचलं, असा आक्षेप घेतला गेला. मला तर त्यात आपलंच चित्र दिसतं. मुलांची भांडणं पेटवायला मोठे कुठे नसतात? आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर घेतलं होतं. तिथं मुलं आधी एकत्र राहिली, त्यांची मैत्री जमली आणि मग त्यांचे गट पाडले गेले. ती मुलं मनासारखी भांडेचनात. शेवटी तो प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागला. आधी ओळख झाली की मग द्वेष शिकवणं अवघड जातं, असाच याचा अर्थ.

याच ओक्लाहोमात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या एस. ई. हिंटन या मुलीनं वयाच्या पंधराव्या वर्षी एक कादंबरी लिहायला घेतली. 'द आउटसायडर्स' नावानं ती १९६७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या शाळेतल्या दोन गटांचं वैर त्यात आहे. एका बाजूला गरीब वस्तीतले, केसांना चोपडून तेल लावणारे 'ग्रीझर्स', दुसऱ्या बाजूला श्रीमंतांची मुलं. श्रीमंत गटातली चेरी आणि ग्रीझर पोनीबॉय एका रात्री मोकळ्या मैदानातल्या सिनेमाला भेटतात, गप्पा मारतात. दोघांनाही सूर्यास्त पाहायला आवडतो हे त्यांना कळतं. प्रेम म्हणावं इतकंही ते पुढे जात नाही. पण निरोप घेताना चेरी त्याला आधीच सांगून ठेवते, की उद्या शाळेत मी तुझ्याशी बोलले नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.

ते वाचताना मी थांबलो. शाळेच्या बाहेर, अंधारात, ती दोघं दोन माणसं असतात. व्हरांड्यात आली की ती दोन गट होतात. हे सगळं त्या पंधरा वर्षांच्या लेखिकेला कळलं होतं. या वयात घरच्यांपेक्षा सवंगड्यांचं मत मोठं वाटतं. सोबत्यांनी वाळीत टाकलं तर जगणंच संपलं असं वाटतं. त्यामुळे पलीकडच्या गटातल्या कुणावर मन जडलं तर मूल दोन बाजूंनी कात्रीत सापडतं. गटाला ती फितुरी वाटते आणि घराला तो कलंक. मग चोरून भेटणं आलं, खोटं बोलणं आलं. साधी ओळखही गुन्ह्यासारखी करावी लागते आणि चोरून केलेली ओळख लवकर पेटते.

आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या २०१३ च्या चित्रपटात हे फार नेमकं आलंय. वर्गातल्या शालूवर जीव जडलेला जब्या तिच्याशी धड बोलतही नाही. त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं धरायला लावतात, सारा गाव हसत बघतो, आणि बघणाऱ्यांत शालूही असते. तिथं प्रेमाला कुणी नकार देतच नाही. ते उच्चारण्याआधीच गाव मधे येऊन उभं राहतं.

आता पालकांच्या बाजूनं बोलतो. त्यांची भीती खोटी नसते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पळून जाण्यात शहाणपण नाही. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची किंवा मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे नासमज वयातल्या पावलावरून गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सतरा वर्षांचा मुलगा निरीक्षणगृहात जाऊ शकतो. उलट दोघं सज्ञान झाली की चित्र बदलतं. लग्नाच्या वयाच्या दोन सज्ञान व्यक्तींना आपला जोडीदार निवडायला घराण्याची किंवा जमातीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय. म्हणजे कायदा वय विचारतो, आळी विचारत नाही.

आपण मात्र या दोन प्रश्नांची गल्लत करतो. ओठांवर वय असतं आणि मनात आळी असते. ओळखायची खूण सोपी आहे. तीच चिठ्ठी आपल्याच आळीतल्या, आपल्याच जातीधर्माच्या मुलाकडून आली असती तर आपण काय केलं असतं? बहुतेक रागावलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता आणि 'आधी अभ्यास कर' म्हणून सोडून दिलं असतं. मग तेवढंच इथंही करावं. वयाची काळजी असेल तर तिचं औषध शाळा हेच आहे, कारण वय वाढायला वेळ लागतो आणि तो वेळ शाळा देते. शाळा बंद करून आपण तो वेळच काढून घेतो. आज चिठ्ठीची जागा मोबाइलनं घेतली असली, तरी घरात सापडल्यावर पहिला घाव अजूनही बऱ्याचदा मुलीच्या शिक्षणावरच पडतो.

दुसरी गल्लत आम्ही लेखक-कवी करतो. 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधली ज्युलिएट चौदा वर्षांचीही नाही. दोन घराण्यांचा समेट होतो तो दोन मुलं मेल्यावर. आपण टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, प्रेमानं वैर संपवलं. मला आता ते पटत नाही. मोठ्यांनी खोदलेल्या दरीवर दोन कोवळ्या पोरांच्या खांद्यांचा पूल बांधायचा, हा कुठला न्याय?

पूल कसा बांधतात तेही शरीफ यांच्या शिबिरात दिसलं. दोन्ही गटांना नुसतं एकत्र जेवायला बसवून काही साधलं नाही, ताटातलं अन्न एकमेकांवर भिरकावण्यापर्यंत मजल गेली. मग पाण्याचा पुरवठा बंद पाडला, ट्रक अडवून ठेवला. दोघांनी मिळून हात लावल्याशिवाय काम होणारच नाही अशी वेळ आणली. ज्या दोरानं रस्सीखेच खेळून मुलं भांडली होती, तोच दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून ओढला. हळूहळू वैर निवळलं. परत जाताना मुलांनी एकाच बसनं जायचं ठरवलं.

आपल्या शाळांना हे अवघड नाही. कबड्डीचे संघ आळीवार न पाडता हजेरीपटाच्या क्रमानं पाडावेत. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा तर वाळूच्या गोण्या उचलायला दोन्हींकडची पोरं एका ओळीत उभी करावीत. मुलामुलींना सर्वांदेखत, उजेडात बोलायला जागा द्यावी. त्यातून प्रेम होईल किंवा होणार नाही. झालं तरी ते माणसामाणसातलं असेल, त्याला दोन आळ्यांचं भांडण वाहायला लागणार नाही.

काही वर्षांपूर्वी गावी कविसंमेलनाला गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक बाई नातवाला घेऊन पुढे आल्या. ओळख पटायला मला वेळ लागला. मी काही बोलणार, माफी मागणार, तोच त्यांनी थांबवलं. माझ्या मित्राबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "तुम्ही तर दहावीपर्यंत होता. मराठीच्या पुस्तकातले शेवटचे धडे कोणते होते हो? मी गेले तेव्हा अर्धंच पुस्तक झालं होतं."

मला एकही धडा आठवला नाही.