स्मिथ-मोरा गॅम्बिट: काळ्याने घाबरावे कशाला?

सिसिलियन खेळणारा नायडॉर्फच्या लांबलचक चाली घोकून येतो, आणि समोरचा ई४, सी५ नंतर थेट डी४ करतो. प्यादे मारले की सी३. तेही मारले की पांढऱ्याचा घोडा सी३ वर, दोन पट्ट्या मोकळ्या, काळ्याकडे एक प्यादे जास्त.

‘हे प्यादे घेतले की मेलोच’ हा पहिला गैरसमज. ज्याचे नाव या गॅम्बिटला आहे त्या केन स्मिथने १९७२च्या सॅन अँटोनिओ स्पर्धेत तो तीन डावांत खेळला आणि तिन्ही हरला. तिथेच स्मिथविरुद्ध एकाने ई६ने सुरुवात केली, तर ग्रँडमास्टर बेंट लार्सनने त्या चालीला प्रश्नचिन्ह लावले: सी५ केले असते तर प्यादे फुकट मिळाले असते!

या थट्टेतून उलटा गैरसमज पसरला, की हा सगळा पोरखेळ आहे. पण २०११च्या यूएस ओपनमध्ये मार्क एसरमनने याच गॅम्बिटने लोएक व्हॅन वेलीसारख्या ग्रँडमास्टरला उडवले.

काळ्याचा घात करते ती बहुधा सवय. चौथ्या चालीला घोडा सी६, पाचव्याला डी६, सहाव्याला घोडा एफ६. नेहमीच्या सिसिलियनमध्ये हात आपोआप तिकडेच जातो. पण इथे पांढऱ्याचा उंट सी४ वर आहे. तो ई५ करतो, काळा घोड्याने ते प्यादे मारतो, घोडे कटतात, आणि मग उंट एफ७ वर शह देऊन पडतो. राजाने उंट मारला की डी८चा वजीर गेला. उपाय साधा: सहाव्या चालीला ई६ करून उंटाची तिरपी वाट बंद करा, घोडा नंतर.

प्यादे शेवटपर्यंत जपलेच पाहिजे असेही नाही. मोहरी कटली की पांढऱ्याचा हल्ला विरतो. योग्य वेळी डी५ करून प्यादे परत दिले तरी चालते. आणि घ्यायचेच नसेल, तर तिसऱ्या चालीला घोडा एफ६: ई५, घोडा डी५, की डाव सिसिलियनच्याच अलापिन प्रकारात जातो.

काळ्याने फक्त बचावच करायचा, हेही खोटे. सायबेरियन सापळा पाहा: डी६ न करता ई६, घोडा एफ६, वजीर सी७. पांढऱ्याने किल्लेकोट करून वजीर ई२ वर आणला की घोडा जी४! एच३ने त्याला हुसकावले, तर दुसरा घोडा डी४ वर. तो मारला की वजीर एच२ वर मात, न मारला तर वजीर जातो. मात्र आठव्या चालीला वजिराऐवजी घोडा बी५ वर आला, तर पळावे लागते ते काळ्याच्याच वजिराला.